पडद्यावर काय लिहिलंय?

पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेरच्या खोलीत आले, मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही. पाहुण्यांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे. आईला वाटलं, चला, आज तरी पोरीनं सांगितलेलं ऐकलं. मी टेबलाखाली डबा शोधत होते.

टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा होता. त्याच्यापुढे कीबोर्ड होता, माउस होता. पडद्याच्या डोक्यावर आईनं टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल घातला होता आणि रुमालावर एक पितळी मोर उभा केला होता. सगळं होतं, फक्त ज्याच्या पोटात खरा कॉम्प्युटर असतो तो पत्र्याचा उभा डबा नव्हता. त्याच्या जागी आमच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर बसला होता आणि पडद्याची वायर त्याच्यात खोचलेली होती. दुसरी वायर, जी डब्याला जोडायची असते, ती बाबांनी नीट गुंडाळून, रबर लावून टेबलाच्या पायाला बांधली होती. माझ्या हातातल्या बश्या वाजायला लागल्या.

"अगं, सावकाश," आई म्हणाली.

ही गोष्ट नव्याण्णव सालची, तासगावची. बाबा तिथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. मी सांगलीच्या 'दैनिक कृष्णावेध'मध्ये नोकरीला होते आणि दर बुधवारी 'खटकेश्वर' हे नाव घेऊन 'बटण दाबा' नावाचं सदर लिहायचे. जगात कुठं नवं यंत्र निघाल्याची बातमी आली की मी तिच्यावर तुटून पडायचे. पेजर म्हणजे कमरेला बांधलेली सासू, हाक मारते पण आपलं ऐकून घेत नाही. मोबाइलवर आलेला फोन उचलायचेही पैसे, म्हणजे पाहुण्यानं कडी वाजवली की दार उघडायचं भाडं आपणच भरायचं. परदेशात स्वतःच दूध मागवणारा फ्रिज येणार म्हणे. आमचा गवळी जिथं आईचं ऐकत नाही, तिथं फ्रिजचं काय ऐकणार? आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर थंडगार खोलीत राहायचा आणि त्याच्या दर्शनाला चपला बाहेर काढून जावं लागायचं. संपादक मात्र बाहेर घाम पुसत बसायचे. त्यावरही लिहिलं होतं. संपादकांनी ते हसत छापलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची उचलून कॉम्प्युटरच्या खोलीत नेली.

लोक खदाखदा हसायचे. खटकेश्वर म्हणजे कुणी पेन्शनर असणार, अशी सगळ्यांची खात्री होती. बाबाही वाचायचे. वाचताना त्यांच्या मिशा हलायच्या, पण मी पाहिलं की लगेच पान उलटायचे.

त्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "फाटकांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरचे प्रोग्राम करतो, आणि तू दर आठवड्याला त्याच लोकांची सालटी काढतेस. आज त्याबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही. आणि ठरलं, तर खटकेश्वर बंद."

"बंद का? लग्न माझं आहे, त्याचं नाही."

"वृंदा, मी थकलो आता."

बाबांच्या या वाक्यापुढं माझं कधीच काही चाललं नाही. मी गप्प बसले खरी, पण एसटीत बसून सांगलीला लेख द्यायला जाताना सारखं वाटत होतं की आपला हा शेवटचा लेख. कुणीतरी माझा हात मनगटापासून उतरवून ठेवायला सांगतंय, असं वाटत होतं.

फाटकांची अट होती, मुलीला कॉम्प्युटर यायला हवा. बाबांनी उत्साहाच्या भरात कळवलं होतं की येतो, आणि घरीही आहे. मला येत होता, ऑफिसातला. घरी कॅल्क्युलेटरसुद्धा नव्हता. म्हणून समोरच्या गुळवणी डॉक्टरांचा कॉम्प्युटर तेवढ्यापुरता आणायचं ठरलं. मी सांगलीहून मागच्या दारानं घरात शिरले तेव्हा आईनं हातात साडी कोंबली आणि बाहेर डोकावूही दिलं नाही. ट्रे घेऊन आले तेव्हाच काय तो उजेड पडला.

सोफ्यावर फाटक बसले होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आवाज धरणाच्या भिंतीवरून बोलायची सवय असल्यासारखा. शेजारी त्यांच्या पत्नी कुमुदताई, आल्यापासून एक शब्द न बोललेल्या. आणि कडेच्या खुर्चीवर निरंजन. उंच, चष्मा, शर्टाच्या खिशाला पेनाचा डाग.

"कॉम्प्युटर छान मांडलाय हो सर," फाटक म्हणाले.

"मांडणीचं सगळं मी स्वतः केलं," बाबा खुलले. "प्रकाश डावीकडून यायला हवा. पाठ मुद्दाम तुमच्याकडं केली, मागची बाजू जास्त शास्त्रीय दिसते. स्टॅबिलायझर मात्र आपल्या फ्रिजचाच. एक असताना दुसरा कशाला?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात सगळा प्रकार शिरला. बाबांनी डॉक्टरांकडचा तो डबा पाहिला होता. फ्रिजखाली असतो, टीव्हीखाली असतो, तसा यालाही स्टॅबिलायझर असणारच. मग एवढं जड धूड रस्ता ओलांडून आणा कशाला? बाबा कॉम्प्युटर डॉक्टरांकडे ठेवून नुसती काच घेऊन आले होते.

"आमच्या निरंजनच्या प्रोग्राममध्येच तुमच्या दोघांच्या पत्रिका घातल्या," फाटक पोहे खात म्हणाले. "उत्तम जुळल्या! मागच्या वर्षी त्यानं हा पत्रिका जुळवायचा प्रोग्राम काढला. सांगली-मिरजेत काय खपत होता! पण तुमच्या इथल्या पेपरात एक मेला खटकेश्वर आहे."

बाबांना ठसका लागला. आई पाणी आणायला धावली.

"त्या नतद्रष्टानं काय केलं माहितीय? त्याच्या संपादकाची पत्रिका एका बाजूला घातली आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या छपाई यंत्राची! यंत्र ज्या मुहूर्तावर सुरू झालं, ती जन्मवेळ म्हणून! आणि छापलं की विवाह अत्यंत सुखाचा होईल, म्हणून. लोक फ्लॉप्या परत करायला लागले हो. मला तो माणूस एकदा भेटू दे."

मी पोह्यातला शेंगदाणा बारकाईनं बघत राहिले. तो लेख माझा फार लाडका होता. छपाई यंत्राला संततीयोगही उत्तम निघाला होता. पण तो प्रोग्राम याचा, हे मला ठाऊक नव्हतं.

 बशी ठेवून निरंजन उठला. "कॉम्प्युटर बघू का?"

"बघा की! आपलाच समजा," बाबा म्हणाले.

तो टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला.  त्यानं पडदा पाहिला. खाली वाकून स्टॅबिलायझर पाहिला. मग टेबलाच्या पायाला बांधलेली ती वायर, तिचं रबर. त्याचे कान लाल झाले. आता हा हसणार, आणि बाबा, ज्यांनी सकाळपासून चारदा टेबल सरकवून प्रकाश डावीकडून आणला होता, ते सगळ्यांसमोर उघडे पडणार. 

"मी चालू करूनच ठेवलाय," बाबा अभिमानानं म्हणाले. "दिवा लागलाय ना?"

निरंजननं बाबांकडं पाहिलं. "लागलाय, सर."

"कसा आहे रे?" फाटकांनी विचारलं.

"फार शांत आहे," तो म्हणाला. "अजिबात आवाज नाही."

मला हसू फुटणार होतं, ते मी पदरात कोंबलं.

"पूर्वी मुलीला गाणं म्हणायला सांगायचे," फाटक म्हणाले. "आता जमाना कॉम्प्युटरचा. वृंदा, जरा चालवून दाखव बघू."

"हो हो, दाखव की!" बाबाच म्हणाले. आता काय करता?

मी जाऊन खुर्चीवर बसले. पुढं काळाकुळकुळीत पडदा, त्यात माझंच कुंकू दिसत होतं. निरंजन माझ्या मागे उभा होता. सोफ्यावरच्यांना फक्त पडद्याची पाठ आणि पितळी मोर दिसत होता. मी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि काहीतरी टाइप करायचं म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, 'डबा नाही.'

"काय लिहिलंय?" फाटकांचा आवाज.

मागून निरंजन शांतपणे म्हणाला, "'सर्व वडीलधाऱ्यांना सादर नमस्कार.'"

"वा!" फाटक म्हणाले. बाबा ताठ बसले.

मी दचकून वर पाहिलं. त्याचे डोळे पडद्यावर नव्हते, माझ्या बोटांवर होते. हा माणूस माझी बोटं वाचत होता! मी टाइप केलं, 'नमस्कार कुठं दिसला तुम्हाला?'

"'माझे नाव वृंदा हर्डीकर. मला वाचनाची आवड आहे.'"

मग पुढं वाकून त्यानं एका हातानं टाइप केलं, 'सरांना माहीत आहे?'

'नाही. कृपा करून सांगू नका.'

"'मला स्वयंपाकही फार आवडतो,'" त्यानं मोठ्यानं वाचलं.

"कधीपासून?" आईच्या तोंडून निसटलं, आणि तिनं लगेच जीभ चावली.

काय सांगू, मला अशी मजा कधी आली नव्हती! चार मोठी माणसं पुढ्यात बसलेली, आणि त्यांच्या नाकासमोर आम्ही दोघं अशा यंत्रावर गप्पा मारत होतो जे तिथं नव्हतंच. मी लिहिलं, 'तुमच्या कंपनीत असेच कॉम्प्युटर आहेत का?' तो वाचायचा, "'विज्ञानाने मोठी प्रगती केली आहे.'" त्यानं लिहिलं, 'याचा एक फायदा, हा कधी बिघडणार नाही.' मी लिहिलं, 'दोन हजार साल लागताच सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणे, याला तो धोका नाही.' यावर त्याला हसू आवरेना, आणि ते खोकल्यात घालवून त्यानं वाचलं, "'आई-वडिलांची सेवा हेच माझे ध्येय.'" बाबांचे डोळे पाणावले.

इतकं सरळ, इतकं भराभर मी कधी कुठल्या मुलाशी बोलले नव्हते. आणि म्हणूनच मला ते लपवून ठेवणं जमेना. याच माणसाचा प्रोग्राम मी फाडला होता. हे कळल्यावरही तो असाच उभा राहणार असेल तर राहू दे, नाहीतर आत्ताच जाऊ दे. मी टाइप केलं, 'खटकेश्वर मीच.'

निरंजनचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर आला.

"काय रे, गप्प का झालास?" फाटक म्हणाले. "काय लिहिलंय?"

मी मागं वळून पाहिलं नाही. निरंजननं घसा साफ केला.

"'संगणक हा माणसाचा खरा मित्र आहे.'"

"शाब्बास!" फाटकांनी टाळी वाजवली. "अशीच मुलगी हवी होती आपल्याला!"

बाबांनी आईकडं पाहिलं. जमलं, असं ते पाहणं होतं. आणि मला एकदम रडू आलं. किती चांगल्या मनानं वाचलं होतं त्यानं! माझी लाज राखली, बाबांची राखली, स्वतःच्या वडिलांचा राग टाळला. पण मला पुढची सगळी वर्षं दिसली. मी लिहायचं एक, आणि या भल्या माणसानं जगाला वाचून दाखवायचं दुसरं. कुणी माझं लिहिणं बंद करणार नव्हतं, आणि तरी ते बंद होणार होतं. मी उठून उभी राहिले.

"तसं लिहिलेलं नाही," मी म्हणाले.



"हो," निरंजन हळू आवाजात म्हणाला. "मी चुकीचं वाचलं."

"चुकीचं? मग काय लिहिलंय?"

"खटकेश्वर मीच आहे," मी म्हणाले. "तो छपाई यंत्राचा लेख माझा. आणि लग्न ठरलं तरी मी लिहिणं सोडणार नाही."

बाबांनी डोळे मिटले. आईनं मोराकडं पाहिलं, जणू आता तोच काही करील. फाटक ताडकन उठले.

"चेष्टा करतेय का ही? बघू, बघू काय लिहिलंय! माझ्या डोळ्यांनी बघतो!"

ते टेबलाच्या दिशेनं निघाले.  माझं झालं ते झालं, पण हे पलीकडं पोचले की पहिली दिसणार ती रबर लावलेली वायर. बाबांनी आजवर कुणासमोर मान खाली घातली नव्हती. फाटकांनी मोर ओलांडला, टेबलाच्या कोपऱ्याला हात लावला, आणि खाली खट् झालं. निरंजनचा पाय स्टॅबिलायझरमधली वायर ओढून मागं येत होता. पडद्याचा दिवा विझला.

"गेलं," निरंजन म्हणाला.

"काय गेलं?"

"सगळंच. सेव्ह केलं नव्हतं."

फाटक मध्येच थांबले. कॉम्प्युटरवाल्या मुलाचे वडील असल्यामुळं सेव्ह या शब्दाचा दरारा त्यांना पुरता ठाऊक होता. "पण लिहिलं काय होतं?"

"त्या म्हणाल्या तेच, बाबा. जसंच्या तसं."

 तेवढ्यात सोफ्यावरून नाजूक आवाज आला.

"काय गं, त्या यंत्राला मुलं किती होणार होती?"

कुमुदताई! मी बघतच राहिले.

"यांनी रागानं पेपर फाडला," त्या म्हणाल्या, "आणि शेवट माझा वाचायचाच राहिला. केव्हापासून विचारीन म्हणतेय, पण विचारणार कुणाला?"

"दोन पुत्र," मी घाबरत म्हणाले. "थोरला सायंदैनिक काढील, असं मी लिहिलं होतं."

कुमुदताईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले, मग सोफा हलायला लागला. आईही हसली. निरंजन तर टेबलाला धरून हसत होता.

"लेख आला त्या आठवड्यातच मी प्रोग्राम सुधारला," तो म्हणाला. "आता तो आधी विचारतो, व्यक्ती मनुष्य आहे का?"

"तू मला हे सांगितलं नाहीस," फाटक म्हणाले.

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही पेपर फाडत होतात," कुमुदताई म्हणाल्या.

 फाटक सोफ्यावर बसले आणि फुरंगटून म्हणाले, "चहा तरी मिळणार आहे का?" चहा झाला. तो त्यांनी दोनदा घेतला, पण माझ्याशी बोलले नाहीत.

निघताना निरंजन दाराशी मागं रेंगाळला. "मी ते वेगळं वाचलं, त्याचा राग आला?"

"आला. तुम्ही भल्यासाठी वाचलंत, ते कळलं. तरी आला."

"पुन्हा नाही वाचणार तसं."

"आणि वायर का ओढलीत?"

"ती सरांसाठी," तो म्हणाला आणि गेला.

दिवेलागणीला बाबा पडदा परत द्यायला डॉक्टरांकडे गेले. परत आले ते हळूहळू. पायरीवर माझ्याशेजारी बसले.

"तो डबा," ते म्हणाले, "स्टॅबिलायझर नव्हता म्हणे."

"नव्हता, बाबा."

"पण दिवा लागला होता."

"तो नुसता दिवा होता."

बाबांनी समोर डॉक्टरांच्या घराकडं पाहिलं. "मग एवढा वेळ त्यानं वाचलं काय?"

"माझी बोटं."

"आणि शेवटी ते गेलं, म्हणजे?"

"त्यानं पायानं वायर ओढली. तुमच्यासाठी."

बाबांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्यांच्या मिशा हलायला लागल्या. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

"मार्क दिले असते त्याला मी," ते म्हणाले. "पैकीच्या पैकी." आणि थोड्या वेळानं, "वृंदा, हे लिही."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? बुधवारी. खटकेश्वर काय रजेवर गेलाय?"

 हातात पुन्हा जीव आल्यासारखं झालं.

"फक्त एक कर," बाबा म्हणाले. "तो डबा विसरणारा मास्तर दुसऱ्या गावचा दाखव."

मी त्याला इस्लामपूरचा केला, आणि भूगोलाचा. लेख इतका गाजला की इस्लामपूरच्या एका भूगोलाच्या मास्तरांनी संपादकांना फोन करून सांगितलं, आमच्या घरी डबा आहे, वाटल्यास येऊन बघा. पहिला मसुदा निरंजननं वाचला होता, मोठ्यानं, बाबांसमोर, आणि एकही शब्द वगळला नव्हता. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं.

परवा बाबांना मी तो जुना लेख वाचून दाखवला. आता त्यांना वाचायला त्रास होतो. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "भूगोलाचा कशाला? चित्रकलेचा होता तो. प्रकाश डावीकडून घेणं भूगोलवाल्याला सुचलं असतं का? आता खरं गाव टाक. नावही टाक."

टाकलं, बाबा. श्रीधर हर्डीकर, तासगाव.